शेजारच्या गच्चीवरचं ऊन

उपग्रहाने टिपलेलं आपल्या शहराचं छायाचित्र मोबाइलवर उघडा आणि मोठं करत करत एखाद्या बंगल्यांच्या कॉलनीवर या. पुणे, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, कुठलंही चालेल. स्लॅबच्या करड्या चौकोनांत, पाण्याच्या काळ्या टाक्यांशेजारी, गडद निळे आयत दिसू लागतील. ते सोलर पॅनेल. आता त्यांची मांडणी बघा. एका गल्लीत ओळीने पाच घरांवर आहेत, पुढच्या तीन गल्ल्या कोऱ्या, आणि मग एकदम कोपऱ्यावरच्या चार घरांवर. ऊन सगळ्या गच्च्यांवर सारखंच पडतं. वीज एकाच कंपनीची, दर एकच, सरकारी अनुदानही तेच. मग हे पुंजके कुठून आले?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एका संगणक-प्रणालीला अब्जाहून जास्त उपग्रह-चित्रं दाखवली आणि सौर पॅनेलांचे संच मोजून घेतले. आकडा आला १४ लाख ७० हजार. त्या नकाशावर ऊन, उत्पन्न, शिक्षण, विजेचे दर असं सगळं ताडून पाहिलं गेलं. ऊन एका ठरावीक पातळीच्या वर असेल तर पॅनेलं झपाट्याने वाढतात, हे खरं निघालं. पैशाचंही तसंच, हातात थोडी जास्त रक्कम असलेल्या वस्त्या पुढे. पण ऊन आणि पैसा दोन्ही सारखे असलेल्या दोन शेजारशेजारच्या भागांतला फरक या दोघांनी सुटत नाही.

तो सोडवायला ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम हे दोन अर्थतज्ज्ञ कॅलिफोर्नियाच्या नोंदी घेऊन बसले होते. त्यांचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला: एखाद्या पिनकोडच्या भागात एक पॅनेल बसलं, की तिथे आणखी एक बसण्याची शक्यता ०.७८ टक्केबिंदूंनी वाढते. आकडा किरकोळ वाटतो, पण हा प्रत्येक पॅनेलमागचा हिशेब आहे. दहा बसली की दहापट. यावर एक आक्षेप लगेच सुचतो. शेजारी राहणारी माणसं मुळातच एकसारखी असतात, साधारण सारखा पगार, सारख्या आवडी. मग त्यांनी सारख्याच वेळी सोलर घेतलं यात शेजाराचा हात कुठे? यावर दोघांनी काढलेली युक्ती फार सुरेख आहे. सोलर घ्यायचं ठरवणं आणि ते प्रत्यक्ष छपरावर चढणं यांत काही महिने जातात. शेजाऱ्याचा निर्णय आपल्याला दिसत नाही, त्याचं पॅनेल दिसतं. मधल्या त्या काळाचा आधार घेऊन त्यांनी ‘एकसारखी माणसं’ आणि ‘एकमेकांकडे बघणारी माणसं’ यांना वेगळं काढलं. पुढे कनेक्टिकट राज्यातल्या अभ्यासात हा परिणाम किती अंतरापर्यंत पोचतो, हेही मोजलं गेलं. सर्वाधिक परिणाम अर्ध्या मैलाच्या आत आणि पहिल्या सहा महिन्यांत; त्यापुढे जोर ओसरत जातो. रस्त्यावरून दिसणारी पॅनेलं मागच्या उतारावर लपलेल्या पॅनेलांपेक्षा जास्त शेजारी ओढतात, हेही नंतर दिसून आलं.

म्हणजे सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, आणि त्याची वीज घ्यायची की नाही हे ठरवणारी गच्ची समोरच्या गल्लीत.

असं का व्हावं, हे कळायला ते पॅनेल जवळून बघायला हवं. सध्या घरांवर बसणारं एक मोठं पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोडं रुंद असतं. काचेखाली सिलिकॉनच्या चकत्यांच्या ओळी असतात, प्रत्येक चकतीची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. चकतीच्या एका बाजूला फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूला बोरॉनचा नाममात्र अंश मिसळलेला असतो. या दोन थरांच्या सांध्यावर एक विद्युतक्षेत्र आपोआप तयार होतं आणि कायम राहतं. उन्हाचा कण चकतीत शिरतो, सिलिकॉनच्या अणूला बांधलेला एक इलेक्ट्रॉन सुटा करतो, आणि सांध्यावरचं क्षेत्र त्याला एकाच दिशेला लोटतं. विहिरीतल्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हमधून पाणी वर चढतं पण परत खाली उतरत नाही, तसंच. माघारी जायची वाट बंद असल्यामुळे इलेक्ट्रॉन वरच्या चांदीच्या बारीक रेघांतून बाहेर पडतो, तारेतून काम करत फिरतो आणि मागच्या बाजूने परत येतो. काही जळत नाही, कुठलं चाक फिरत नाही. इलेक्ट्रॉनांची ही फेरी पंचवीस-तीस वर्षं चालू राहते.

१८३९ मध्ये एडमंड बेकरेल या फ्रेंच तरुणाला प्रकाशातून वीज निघते हे पहिल्यांदा दिसलं. त्याचा उपयोग व्हायला सुमारे एकशे पंधरा वर्षं गेली. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट दाखवला, आणि त्यावर चालवून काय दाखवलं, तर खेळण्यातला एक आकाशपाळणा! त्या घटाची क्षमता होती सुमारे सहा टक्के, म्हणजे शंभर भाग उन्हातून सहा भाग वीज. आज बाजारातलं पॅनेल बावीसच्या आसपास देतं. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ हा छोटा उपग्रह सौरघट घेऊन वर गेला. तो बंद पडून दशकं झाली, पण आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे.

आता ग्राहक म्हणून विचार करा. ज्या यंत्राला आवाज नाही, धूर नाही, हलणारा भाग नाही, ते चाललं आहे की नाही हे कळणार कसं? मोटारसायकल घेताना किक मारून बघता येते. आंबा हुंगून घेता येतो. सोलर दुकानात जाऊन ‘जरा चालवून दाखवा’ म्हणता येत नाही. आठवडाभर घरी लावून बघू आणि नाही पटलं तर परत करू, हीसुद्धा सोय नाही. दीड-दोन लाख आधी मोजायचे, गच्चीत सांगाडा ठोकायचा, आणि मग पुढच्या महिन्याच्या बिलाची वाट बघायची. नवी वस्तू समाजात कशी पसरते याचा अभ्यास करणाऱ्या एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दोन गुण महत्त्वाचे मानले होते: आधी थोडं करून बघता येणं, आणि दुसऱ्याने केलेलं डोळ्यांना दिसणं. सोलरजवळ पहिला गुण जवळजवळ नाही. म्हणून सगळा भार दुसऱ्यावर येतो.

रॉजर्स यांना हे कुठून सुचलं, ती कथा शेतीतली आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं आलं. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी २५९ शेतकऱ्यांकडे जाऊन विचारलं, हे बियाणं तुम्ही कधी घेतलं, आणि कुणाच्या सांगण्यावरून. दोघे सोडून सगळ्यांनी ते एव्हाना घेतलं होतं, पण त्याला दहा-बारा वर्षं लागली होती, आणि उत्पन्न तर पहिल्या वर्षापासून जास्त येत होतं. माहिती बहुतेकांना बियाणं विकणाऱ्यांकडून मिळाली होती. पटलं मात्र शेजारच्या शेतकऱ्यामुळे. रॉजर्स यांचे स्वतःचे वडील आयोवातलेच शेतकरी. नवी अवजारं आवडीने घ्यायचे, पण हे बियाणं नको म्हणायचे. १९३६ च्या दुष्काळात त्यांचा मका करपला आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला. तेव्हा कुठे ते तयार झाले. आपल्याकडच्या कुठल्याही कृषी सहायकाला हे नव्याने सांगायला नको. म्हणून तर प्रात्यक्षिकाचा प्लॉट नेहमी रस्त्याच्या कडेला घेतात.

सोलरच्या बाबतीत कुंपणापलीकडचा मका म्हणजे वीजबिल. आमच्याकडच्या कॉलन्यांत संध्याकाळच्या फेरीला निघालेल्यांचा हा संवाद आता इतका नेहमीचा झाला आहे, की तो तुम्हीही ऐकला असेल.

‘‘काका, सोलर बसवलंत म्हणे. बिल किती आलं?’’

‘‘एकशे ऐंशी.’’

‘‘अहो, किती दिवसांचं?’’

‘‘महिन्याचं. आणि घरात एसी आहे. या, दाखवतो.’’

काका खिशातून मोबाइल काढतात, आधीचं साडेतीन हजारांचं बिल आणि आताचं एकशे ऐंशीचं. जाहिरातीत ‘बिल शून्य’ असतं, काकांचं शून्य नसतं, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. ही एकशे ऐंशीची प्रामाणिक रक्कम शून्यापेक्षा जास्त पटते, असं मला वाटतं. शून्य हे विकणाऱ्याचं बोलणं वाटतं. एकशे ऐंशी हे काकांचं.

यावर एक नेमका अभ्यासच झाला आहे. कनेक्टिकटमधल्या ५८ गावांत सोलरचा प्रसार करायला स्थानिक स्वयंसेवक नेमले होते. माहिती सगळ्यांना सारखी, सवलत सारखी. फरक एवढाच, की काही स्वयंसेवकांच्या स्वतःच्या घरावर पॅनेल होतं, काहींच्या नव्हतं. ज्यांनी स्वतः बसवलं होतं त्यांनी इतरांच्या तुलनेत ६२.८ टक्के जास्त घरं मिळवली. ‘नेचर’ या नियतकालिकात २०१८ साली हा अभ्यास आला. संशोधकांनी पुढे जाऊन हेही तपासलं, की हे लोक बोलायला जास्त हुशार होते म्हणून तर असं झालं नाही ना. तसं नव्हतं. ऐकणारा मनात एकच गोष्ट तोलत होता: याचा स्वतःचा विश्वास आहे का?

अर्थात शेजारी कितीही गोड असला तरी हिशेब जुळल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. आणि हा हिशेब जुळण्यामागे एक लांबची गोष्ट आहे. १९७७ च्या सुमारास एका वॅटच्या सौरघटाला सुमारे ७६ डॉलर पडायचे. आज घाऊक बाजारात तेवढ्याच पॅनेलची किंमत वीस सेंटच्याही खाली आली आहे. ही घसरण उत्पादनाच्या मागोमाग येते, असं रिचर्ड स्वॉन्सन या अभियंत्याने दाखवून दिलं: जगात विकलेल्या पॅनेलांची एकूण संख्या दुप्पट झाली, की किंमत साधारण वीस टक्क्यांनी उतरते. मग ती सुरुवातीची, महागडी पॅनेलं घेतली कुणी? मोठा वाटा जर्मनीचा. तिथे सन २००० च्या कायद्याने छपरावरच्या विजेला वीस वर्षं ठरावीक, चढा भाव देण्याची हमी दिली. त्या देशात आपल्या मानाने ऊन अर्ध्याच्या जरा वर. तरी बव्हेरियातल्या शेतकऱ्यांनी गोठ्यांवर, धान्याच्या कोठारांवर पॅनेलं चढवली, कारण बँकेला दाखवण्याजोगा कागद हातात होता. त्या मागणीवर चीनमध्ये कारखाने उभे राहिले आणि भाव कोसळला. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या कौलारू घरावर आज बसणाऱ्या पॅनेलचे काही पैसे त्या शेतकऱ्यांनी वीस वर्षांपूर्वीच भरून ठेवले आहेत.

आपल्याकडे केंद्र सरकारने छपरांवर २०२२ पर्यंत ४० गिगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं होतं, ते गाठता आलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ आली आणि चित्र पालटलं. ७५,०२१ कोटींची तरतूद, एक कोटी घरांचं लक्ष्य. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० आणि त्यापुढे तेवढेच. मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरं झाली. गुजरात सगळ्यांच्या पुढे, त्यामागे महाराष्ट्र. गुजरातने २०१९ पासूनच स्वतःची योजना चालवली होती, त्यामुळे तिथे गावोगाव सोलर बसवणारे तयार होते. तक्रार आली की दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून येणारा माणूस असणं, हे अनुदानाच्या आकड्याइतकंच वजनदार कारण आहे; त्यावर लिहिलं मात्र फार कमी जातं.

महाराष्ट्राचा हिशेब मात्र खास आहे, आणि तो महावितरणच्या टप्प्यांत दडला आहे. आपल्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर एक, १०१ ते ३०० चा दर त्याच्या सुमारे दुप्पट, आणि त्यापुढचे आणखी चढे. सोलर बसवलं की तुमच्या वापरातले युनिट वजा होतात ते वरच्या, महागड्या टोकाकडून. इथल्या उन्हात एक किलोवॅटमागे रोज सरासरी चार युनिट निघतात. तीन किलोवॅटचे महिन्याला साधारण ३६०. महिन्याला साडेतीनशे युनिट वापरणाऱ्या घराचं बिल त्यात जवळजवळ संपतं, आणि गुंतवणूक चार-पाच वर्षांत वसूल होते. ज्या घरात ऐंशी युनिट जळतात, त्याचं बिल मुळातच हलकं. त्याने दीड लाख अडकवायचे कशासाठी? त्यामुळे योजना सगळ्यांना खुली असली, तरी रांगेत आधी उभा राहतो तो एसी, गिझर आणि दोन फ्रिजवाला. ज्या राज्यांत ठरावीक युनिटांपर्यंत वीज फुकट आहे तिथे तर अडचण आणखी मोठी: फुकट असलेल्या गोष्टीची बचत कशी करणार? महाराष्ट्राने २०२५ मध्ये १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी जादा अनुदानाची ‘स्मार्ट’ योजना काढली, ती या पेचावरच.

कर्जाची गोष्टही इथेच येते. बंगळुरूची सेल्को ही कंपनी १९९५ पासून गरीब घरांत सोलर पोचवते आहे. तिचे सहसंस्थापक हरीश हांडे यांना त्यासाठी २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी फार आधी ओळखलं, की हातगाडीवाल्याला वस्तूची किंमत जड जात नाही, जड जाते ती एकरकमी मागणी. म्हणून त्यांनी हप्ते कमाईच्या चालीवर बांधून दिले, रोज कमावणाऱ्याला रोजचा, पीक विकणाऱ्याला सुगीचा.

आता जरा गच्चीवर चढू. साइट बघायला आलेला मुलगा पहिल्यांदा दक्षिण शोधतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे वर्षभराचा हिशेब केला तर सूर्य दक्षिणेकडे झुकलेला. पॅनेलही दक्षिणेला तोंड करून, अक्षांशाइतकं म्हणजे अठरा-वीस अंश कलतं ठेवायचं. दक्षिणमुखी घर नको म्हणून प्लॉट सोडलेले लोक छपरावर मात्र निमूटपणे दक्षिण मान्य करतात. मग सावली. शेजारच्या नारळाची एक झावळी दुपारी दोनला एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडणार असेल, तर नुकसान फक्त त्या कोपऱ्याचं होत नाही, कारण चकत्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात आणि एकीने हात आखडला की सगळ्या रांगेचा प्रवाह घटतो. म्हणून पॅनेलच्या पाठीमागे बायपास डायोड बसवतात. अडलेला भाग वगळून प्रवाह पुढे जातो.

यानंतरचा प्रश्न तांत्रिक नसतो, पण निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो किंवा मोडतो. ‘‘वाळवण कुठे घालायचं?’’ एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. तीन किलोवॅट म्हणजे अर्धी गच्ची गेली. त्यावर आपल्याकडच्या फॅब्रिकेटरांनी काढलेला तोडगा परदेशी पुस्तकांत सापडणार नाही: सांगाडा आठ-नऊ फूट उंच करायचा. खाली पापड-कुरडयांना जागा राहते, दुपारी सावली मिळते, वरच्या मजल्यावरच्या खोल्या तापत नाहीत. वाऱ्याला टिकायचं तर लोखंड जास्त लागतं, पंधरा-वीस हजारांनी खर्च वाढतो, तरी लोक आनंदाने देतात. कित्येक घरांत सोलरला खरी संमती मिळाली ती विजेमुळे नाही, तर या फुकटच्या मांडवामुळे, असा माझा पक्का संशय आहे. पूर्वी सोलर बंबाचंही असंच झालं होतं. ऊर्जेचं वगैरे नंतर, आधी पहाटे बादलीभर कडकडीत पाणी.

वीज सुरू झाली की नवी करमणूक सुरू होते: नेट मीटर. त्याच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात, महावितरणकडून घेतलेले युनिट, मग आपण दिलेले युनिट. दुपारी घरात कुणी नसताना दिलेले वाढत जातात, रात्री घेतलेले. वर्षभर एकमेकांतून वजावट होत राहते. या आकड्यांनी घराची चाल बदलते. वॉशिंग मशीन सकाळी सहाऐवजी बाराला लागतं. जरा ढग आले की आजोबा अॅप उघडून बघतात. मे महिन्यात सगळ्यांना एक धक्का बसतो. रणरणतं ऊन, आणि युनिट मात्र फेब्रुवारी-मार्चपेक्षा कमी! सिलिकॉनला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. विदर्भातल्या दुपारी काच ६५ अंशांवर जाते. चाळीस अंशांचे चौदा टक्के तिथेच गेले.

दुसरा धक्का मोठा. भर दुपारी लाइट गेली, डोक्यावर लखलखीत ऊन, तीन किलोवॅटचं सोलर, आणि पंखा बंद. ‘फसवलं’ अशी पहिली प्रतिक्रिया येते. पण हे मुद्दाम केलेलं असतं. तारांत वीज नाही असं समजून वायरमन खांबावर चढलेला असेल आणि आपलं सोलर मागच्या बाजूने तारांत वीज ढकलत असेल, तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रीड, म्हणजे बाहेरचा वीजपुरवठा, गेलं की पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर लगोलग स्वतःला बंद करतो. लोडशेडिंगच्या वर्षांत ज्यांनी घरोघरी बॅटऱ्या बसवल्या, त्या पिढीला हे पचत नाही. त्यांच्या मते सोलर म्हणजे अंधारातला उजेड. प्रत्यक्षात बिनबॅटरीचं सोलर म्हणजे फक्त हलकं बिल. विकणाऱ्याने हे आधी सांगितलं की नाही, यावर पुढची चार घरं मिळतात किंवा जातात. कारण शेजारी आनंद जितक्या वेगाने पसरवतो, तक्रार त्याहून जास्त.

बिलाचा चटका किती ताकदीचा असतो हे बघायचं तर पाकिस्तानकडे पाहावं. तिथे २०२२ नंतर विजेचे दर पुन्हा पुन्हा चढले, भारनियमन होतंच. सरकारने मोठी मोहीम काढली असं काही झालं नाही. लोकांनी चिनी पॅनेलं आणून स्वतःच छपरं भरली. २०२४ या एका वर्षात त्या देशाने सुमारे १७ गिगावॅटची पॅनेलं आयात केली. ज्यांना परवडलं ते ग्रीडवरून उठले. वीजकेंद्रांचा ठरलेला खर्च मागे राहिलेल्यांच्या बिलांत वाटला गेला, त्यांची बिलं आणखी चढली, आणि त्यांतले आणखी काही सोलरकडे वळले. शेवटी २०२५ मध्ये सरकारने छपरावरच्या जादा विजेचा भाव २७ रुपयांवरून १० रुपयांवर आणायचं ठरवलं.

कॅलिफोर्नियाने हेच एप्रिल २०२३ मध्ये केलं होतं. ग्रीडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीनचतुर्थांशाने कापला. तारीख जाहीर होताच आधी अर्जांची झुंबड उडाली, नंतर बाजार ओस पडला, आणि जे घेत राहिले त्यांनी पॅनेलबरोबर बॅटरीही घेतली. ऊन तेच, पॅनेल तेच. एका नियमाने माणसं पळत सुटली आणि एका नियमाने थबकली. महाराष्ट्रात २०२५ मध्ये दिवसाचा दर वेगळा, रात्रीचा वेगळा अशी चर्चा निघाली, तेव्हा सोलरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जी खळबळ उडाली तिचं मूळ हेच. वीस-पंचवीस वर्षांचा सौदा करणाऱ्याला दराचा आकडा थोडा कमी चालतो, पण तो उद्या बदलेल ही धास्ती चालत नाही.

एवढं सगळं झालं ते ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं काय? सोसायट्यांना लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचं अनुदान आहे, अगदी ५०० किलोवॅटपर्यंत. प्रस्ताव सर्वसाधारण सभेत येतो. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही. शेवटच्या मजल्यावरचे म्हणतात, भोकं पाडाल आणि आमच्याकडे गळेल. एकाचा फ्लॅट विकायला काढलेला असतो, त्याला पाच वर्षांच्या वसुलीशी घेणं नसतं. तिघांचे फ्लॅट भाड्याने, बिल भाडेकरू भरतो, मालक अमेरिकेत. विषय ‘पुढील सभेत चर्चा’ या शेऱ्यासह मागे पडतो. इथे शेजारी भरपूर आहेत. एकट्याचा निर्णय मात्र कुणाच्याच हातात नाही. याच्या उलट टोकाला साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी. २०२४ मध्ये ती राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, गावातली सगळी घरं सोलरवर. या गावाने ग्रामस्वच्छतेपासून अनेक कामं आधीच एकजुटीने केली होती. एकत्र बसून ठरवायची सवय असलेल्या गावाला पॅनेल ही फक्त पुढची वस्तू होती.

भाडेकरूसाठी जर्मनीने वेगळीच वाट काढली आहे. तिथे एक-दोन पॅनेलं बाल्कनीच्या कठड्याला टांगतात, छोटा इन्व्हर्टर जोडतात आणि त्याची पिन घरातल्या साध्या सॉकेटमध्ये खोचतात. वीज उलट्या वाटेने घरात शिरते आणि फ्रिज तिच्यावर चालतो. २०२४ मध्ये याची मर्यादा ६०० वॅटवरून ८०० वर नेली, आणि घरमालकाला सबळ कारणाशिवाय नकार देता येणार नाही असा कायदाही झाला. २०२५ च्या मध्यापर्यंत अशा दहा लाख जोडण्यांची नोंद झाली. किंमत काही शे युरो, वायरमन लागत नाही. लावायचं, दोन महिने मीटर बघायचं, नाही पटलं तर विकून टाकायचं. घर बदललं तर सामानाच्या ट्रकमध्ये घालून न्यायचं. सोलरमध्ये ‘करून बघू’ म्हणायची सोय नव्हती, ती तिथे आता तयार झाली आहे, आणि हे पॅनेल कठड्याला बाहेरच्या बाजूने लटकत असल्यामुळे खालून जाणाऱ्या प्रत्येकाला आपोआप दिसतं.